डाविटच्या ओळी

छाटणीच्या दिवसांत सकाळी आमच्या चाळीतून कुणी कुणाला हाक मारत नाही. तोंड उघडलं की थंडी दातात शिरते. माणसं कॉफी पितात, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबतात आणि ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत चढून बसतात. आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, आणि त्या जुलैत बर्फ डोंगराच्या कमरेपर्यंत उतरलं होतं. द्राक्षाच्या बागेतल्या तारेला हात लावला की कातडी तिथंच राहील असं वाटायचं.

मीटा आणि डाविट एसाऊ माझे शेजारी. मधली भिंत एकच आणि तीही पातळ, त्यामुळे त्यांच्याकडचं मला न विचारता कळतं. डाविटचा उजवा खांदा गेला, हे त्यानं सांगायच्या आधी मला भिंतीनंच सांगितलं. सकाळी शर्ट घालताना तो कण्हायचा, आणि मग मीटाचा आवाज यायचा, "थांब. हात वर करू नको. मी घालते."

खांदा गेला म्हणजे घर गेलं. घर मळ्याचं. ते मिळतं कायमच्या कामगाराला, आणि कायमचा कामगार म्हणजे पुरुष. आम्ही बायका सीझनच्या. मीटा लग्न होऊन आली तेव्हापासून या बागेत राबते आहे, मी तिच्याही आधीपासून. पण दर ऑगस्टात आम्हाला काही आठवडे घरी बसवतात आणि मग पुन्हा बोलावतात, म्हणजे दरवर्षी आम्ही नव्या. माझे केस या बागेत पांढरे झाले, तरी मी नवीच.

मागच्या हिवाळ्यात चाळीतल्या लीनाचा नवरा वारला. थेरॉन मेनीरनं, म्हणजे थेरॉनसाहेबानं, आमच्या गोऱ्या मॅनेजरनं, फुलं पाठवली. प्रार्थनेला स्वतः आला, टोपी काढून मागं उभा राहिला. मग वसंतात ट्रॅक्टर आला आणि लीनाचं कपाट, पलंग, कोंबड्यांचं खुराडं पुलापलीकडच्या पत्र्याच्या वस्तीत नेऊन उतरवलं. ट्रॅक्टर डाविट चालवत होता. सांगितलेलं काम, नाही कसं म्हणणार. त्या संध्याकाळी मीटानं त्याला जेवायला वाढलं नाही.

तेव्हापासून तिच्या मनानं एकच घेतलं. घर आपल्या नावावर हवं, आणि त्यासाठी काम कायमचं हवं. ती ते फारसं बोलून दाखवायची नाही. भांडी घासताना मधेच थांबायची आणि छपराकडे बघत राहायची, एवढंच.

*

आमच्याकडे छाटणीला जोडी लागते. पुरुष पुढं कात्री चालवतो. बाई मागून कापलेल्या काड्या ओढते आणि राखलेल्या काड्या सुतळीनं तारेला बांधते. बाईच्या हातात कात्री द्यायची नाही, कारण काडीवरच्या कोंबाचा कुठला डोळा ठेवायचा आणि कुठला उडवायचा हे बाईला कळत नाही म्हणे. घरात पोराला ताप किती, म्हाताऱ्याची गोळी कुठली, सगळं आम्हालाच कळावं लागतं. कात्रीचं तेवढं कळत नाही.

त्या वर्षी डाविट पहिली चार-पाच झाडं कशीबशी करायचा. दर कापाला खांद्यात कळ जायची आणि ओठ पांढरे पडायचे. मग ओळीत आत, दोन्ही बाजूंनी दिसत नाही तिथं पोचलं की मीटा काही न बोलता त्याच्या हातातली कात्री काढून घ्यायची आणि सुतळीचं बंडल त्याच्या पट्ट्याला अडकवायची. आणि छाटायची. डावखुरी होती ती. लहानपणी शाळेत त्या हातावर पट्ट्या खाल्लेल्या, पण हात काही बदलला नाही. कात्री उजव्या हाताच्या, पुरुषी पंजाच्या मापाची. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी फोड यायचा, फुटायचा, पुन्हा यायचा. पण मी शेजारच्या ओळीतून बघायचे ना, बाई झाडापुढं एक श्वासभर उभी राहायची आणि मग थांबायचीच नाही.

ओळीच्या तोंडाशी नोसाखेले असायची. ती खोसा जमातीची, पूर्वेकडून कामाला आलेली, पत्र्याच्या वस्तीत राहणारी. आमच्या चाळीतली माणसं त्या वस्तीकडे नीट बघतसुद्धा नाहीत. आम्ही मिश्र रक्ताचे सावळे, ते काळे, आणि एवढ्यावर आमच्यातल्या कितीकांची नाकं वर असतात. मीटाचं तसं नव्हतं. निदान लीना तिकडं गेल्यापासून नव्हतं. थेरॉनची गाडी मातीच्या रस्त्याला लागली की नोसाखेले चर्चमधलं गाणं सुरू करायची. गाणं कानावर आलं की कात्री डाविटच्या हातात जायची, सुतळी मीटाच्या.

एकदा थेरॉन गाडी थांबवून तिला म्हणाला, "तुम्हा लोकांना देव फार आठवतो गं."

"थंडी फार आहे ना, मेनीर," नोसाखेले म्हणाली.

ती बारावी झालेली. मालाचा दर्जा तपासायची जागा निघाली तेव्हा तिनं विचारलं होतं. तिथं आफ्रिकान्स चांगली बोलणारी हवी, असं सांगितलं. मग थेरॉनच्या बहिणीची मुलगी आली. तिला खोसा भाषा ओ की ठो येत नाही आणि पॅकिंगच्या शेडमध्ये निम्म्या बायका खोसा. त्यामुळे ती काय म्हणते ते बायकांना सांगायला रोज नोसाखेलेलाच बोलावतात. बांधणीच्या पगारात.

दुपारी आम्ही पत्र्याच्या ड्रममधल्या जाळाभोवती पाव आणि जर्दाळूचा जॅम खात बसायचो. मीटा अंगठ्याला व्हॅसलीन चोळायची.

"माझं कायमचं झालं ना," ती एकदा नोसाखेलेला म्हणाली, "तर पुढच्या हिवाळ्यात तुझ्या हातात कात्री देते की नाही बघ."

"आंटी, तू बाई म्हणून खाली," नोसाखेले पावाचा तुकडा मोडत म्हणाली. "मी बाई म्हणून खाली आणि काळी म्हणून आणखी खाली. तू आधी वर चढ. मग खाली दोर टाक."

"दोर कशाला? सुतळी आहे की."

आम्ही हसलो. त्या हिवाळ्यात एवढंच काय ते हसलो असू.

*

जुलै सरत आला तेव्हा आमचा मुकादम, ऊम आपूल्स, म्हणजे आपूल्सकाका, थकला म्हणून घरी बसायचं ठरलं. त्याच्या जागी कोण यावर चाळीत रोज कुजबुज. आणि एका सकाळी थेरॉन सात नंबरच्या ओळीत शिरला. डाविट आणि मीटानं आदल्याच दिवशी ती संपवली होती. तो झाडामागून झाड बघत गेला, काही ठिकाणी वाकून कापावरून अंगठा फिरवला. बाहेर येऊन त्यानं सगळ्यांसमोर डाविटच्या पाठीवर थाप मारली. नेमकी उजव्या खांद्यावर.

"याला म्हणतात छाटणी," तो म्हणाला. "बघून घ्या डाविटच्या ओळी. एकसारखा काप, झाडाला जखम नाही. डाविट, आपूल्सची जागा तुझी. सोमवारी वरच्या बागेत नमुन्याचं झाड तू करायचं."

डाविटच्या डोळ्यांत पाणी आलं. थेरॉनला वाटलं आनंदानं.

नमुन्याचं झाड ही आमच्या बागेतली जुनी रीत. नवा मुकादम नव्या बागेतलं पहिलं झाड सगळ्यांसमोर छाटतो आणि मग गडी ते बघून आपापल्या ओळींना लागतात. तोपर्यंत कुणी कात्री उघडत नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे सूप घेऊन गेले. बीन्स आणि हाडं, दुसरं काय असतं महिनाअखेरीला. डाविट खांद्याला गरम पाण्याची बाटली लावून बसला होता. मीटा उभी होती.

"सांगून टाक त्याला," ती म्हणाली.

"काय सांगू? माझा हात गेलाय म्हणून सांगू? पुलापलीकडे जायचंय तुला?"

"मी छाटल्या म्हणून सांग. त्यानं स्वतः चांगल्या म्हटलंय. आता मागं कसा फिरेल?"

डाविटनं बाटली खाली ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ट्रुई, तू तरी समजाव हिला. मुकादम झालो की मला रोज छाटावं लागणार नाही. नुसतं फिरायचं. माझी छाटणीची जागा रिकामी होईल, कायमची जागा. तिथं मी हिचं नाव सांगेन. मुकादमाचा शब्द असतो. सोमवारचं एक झाड तेवढं निभवायचं. एक झाड मी करेन गं."

मला ते पटलं, खरं सांगते. मीटालाही पटलं असावं, कारण ती खाली बसली आणि तिनं सूप वाढून घेतलं. इतकी वर्षं दार बंद बघितलेलं, कुणी फट दाखवली की माणूस ती मोजत बसत नाही. तिनं आपल्याच हातानं त्याच्या खांद्याला मलम चोळलं. भिंतीपलीकडून मला तिचा आवाज ऐकू येत होता. कुठलं खोड, किती काड्या, दोन डोळे कुठं, चार कुठं. ती त्याला पाठ करून घेत होती.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही ध्यानात आली नाही. माझ्याही नाही.

*

सोमवारी धुकं होतं. ठेकेदाराच्या गाडीतून झिम्बाब्वे आणि लेसोथोकडचे गडी आले होते. कुणाच्या अंगावर घोंगडी, कुणाच्या डोक्याला पोतं. आम्ही बायका मागच्या बाजूला, सुतळी घेऊन. ऊम आपूल्स काठी टेकून उभा होता. थेरॉन कॉफीचा मग घेऊन झाडाशेजारी.

"चल, डाविट. सात नंबरसारखं."

डाविटनं कात्री उघडली. पहिला काप झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला हात खांद्याच्या वर न्यावा लागला आणि त्याचा चेहरा असा झाला की मी खाली बघितलं. पण काडी पडली. तो बरोबर करत होता. राखायचं ते राखत होता, काढायचं ते काढत होता. मीटाचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

थेरॉन वाकला आणि त्यानं कापावरून अंगठा फिरवला.

"हा तो काप नाही," तो म्हणाला.

"मेनीर?"

"सात नंबरमधला उतार या बाजूला होता. तुझा त्या बाजूला आहे. तिथं आतली सगळी ओळ एकासारखी एक. पुन्हा कर."

मला तेव्हा लख्ख कळलं. डावा हात. बाईनं काड्या पाठ करून घेतल्या, डोळे पाठ करून घेतले, पण आपला हात त्याला कसा देणार? ऊम आपूल्सनं डोळे मिटले. त्याला केव्हापासून माहीत होतं कोण जाणे. म्हातारा बोलला नव्हता एवढं खरं.

डाविटनं पुन्हा केलं. मनगट वळवून बघितलं, कात्री उलटी धरून बघितली. काडी चिरली. एवढ्या माणसांसमोर तो झाडाशी झगडत होता आणि थेरॉन कॉफी पीत होता. शेवटी कात्री त्याच्या हातातून निसटून चिखलात पडली. ती उचलायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"त्या ओळी माझ्या नाहीत, मेनीर," तो चिखलाकडे बघत म्हणाला. "मीटाच्या आहेत. या हिवाळ्यातल्या सगळ्याच."

थेरॉननं हातातला कॉफीचा मग खाली घेतला. मीटाकडे बघितलं. आजवर त्यानं तिच्याकडे असं बघितलेलं मी पाहिलं नव्हतं.

"दाखव."

मीटा पुढं आली. तिनं चिखलातली कात्री उचलून स्कर्टला पुसली आणि डाव्या हातात घेतली. झाडापुढं एक श्वासभर उभी राहिली. मग डाविटनं चिरलेली काडी तिनं खाली नीट कापली, दुसरी केली, तिसरी केली. थेरॉननं अंगठा फिरवला आणि मान हलवली. तो हसला. वाईट हसला नाही, उलट बरं वाटल्यासारखा हसला. त्याचं मला अजून नवल वाटतं.

"मग अडचण कुठं आहे?" तो म्हणाला. "डाविट, तू माणसं सांभाळ. ही नमुना करून दाखवेल, आणि तुमच्या ओळी छाटेल, आतापर्यंत करत होती तशीच."

मीटानं कात्री खाली घेतली. "मेनीर, डाविट मुकादम झाला तर त्याची छाटणीची जागा रिकामी होते. तिथं मला घ्या. कायमची. माझ्या नावानं."

"रिकामी कुठं होते?" थेरॉन खरोखरच न कळल्यासारखा म्हणाला. "काम तर होतंच आहे."

"पण नाव—"

"बायका सीझनवर असतात, मीटा. ते काय मी ठरवलंय? आणि हे गडी बघ. हे बाईचं ऐकतील?"

झिम्बाब्वेकडचा एक उंच गडी मागून म्हणाला, "आमच्या घरी आईच सांगते, मेनीर."

काही जण हसले.

"तुला कुणी विचारलं?" थेरॉन म्हणाला, आणि हसू बंद झालं. "घर आहे, नवरा मुकादम झाला, पगार वाढेल. घरातच येणार ना सगळं? आणखी काय पाहिजे तुला?"

मीटा त्याच्याकडे बघत राहिली. लीनाचं कपाट तिच्या डोळ्यांसमोर असणार, माझ्या तरी होतं. मग तिनं कात्री मिटली आणि तारेला अडकवून दिली. कमरेचं सुतळीचं बंडल सोडलं, झाडामागं गेली आणि डाविटनं राखलेली पहिली काडी तारेला बांधू लागली.

"हे काय?"

"मला बांधणीला घेतलंय, मेनीर."

धुक्यातून कुठूनसा पाण्याचा थेंब तारेवरून ओघळून पडत होता. मग मागं नोसाखेलेनंही आपली सुतळी सोडली, आणि मीही सोडली. बांधायला काही नव्हतंच. कापल्याशिवाय काय बांधणार? तरी आम्ही सुतळी हातात घेऊन उभ्या राहिलो. माझ्या उभ्या जन्मात मी एवढी ताठ कधी उभी राहिले नसेन.

थेरॉन ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. कॉफीचा उरलेला घोट त्यानं झाडाच्या बुंध्याशी ओतला.

"ठीक आहे. मग डाविट छाटेल," तो म्हणाला. "मुकादम आहे तो. ही ओळ संध्याकाळपर्यंत व्हायला हवी. डाविट, जमणार नसेल तर आत्ताच सांग, म्हणजे घराचंही काय ते ठरवून टाकू."

"जमेल, मेनीर," डाविट म्हणाला.

गाडी खाली गेली. गडी वाट बघत होते. डाविटनं तारेवरची कात्री काढली आणि पहिलं झाड पुरं केलं. गड्यांनी ते बघितलं आणि आपापल्या ओळींत शिरले. मग तो दुसऱ्या झाडाशी गेला. मीटा त्याच्या मागं, बांधत. ती वर बघत नव्हती. दुसरं झालं. तिसऱ्याला तो डाव्या हातानं उजव्या कोपराला आधार देऊन कात्री वर उचलू लागला. घाम त्याच्या कानामागून गळ्यात उतरत होता, त्या थंडीत. चौथ्याला त्याच्या तोंडून आवाज निघाला. भिंतीपलीकडून रोज सकाळी ऐकते तोच, पण आता मधे भिंत नव्हती.

मीटाच्या हातातली सुतळी थांबली. मला तिचा राग कळत होता, आणि त्या रागाचं तिला काहीच करता येत नव्हतं हेही कळत होतं. ती हटून बसली असती तरी दुखणार होता तो त्याचाच खांदा. थेरॉनचा नव्हे.

"मीटा, नको," डाविट म्हणाला. "मी करतो. तू धर आपलं म्हणणं."

"इकडे आण," ती म्हणाली.

"अगं, पण—"

"आण म्हणते ना."

तिनं कात्री घेतली आणि सुतळीचं बंडल त्याच्या पट्ट्याला अडकवलं, रोजच्यासारखं. पाचवं झाड, सहावं झाड. आज ओळीत आत शिरायची गरज नव्हती. उघड्यावर, रस्त्यालगत, सगळ्यांच्या देखत ती छाटत होती. आमचा नवा मुकादम मागून बांधत होता. त्याला गाठही नीट येत नव्हती, उजवा हात वर जात नव्हता म्हणून तो दातांनी सुतळी ओढत होता.

दुपार कलली तेव्हा थेरॉनची गाडी परत मातीच्या रस्त्याला लागली. नोसाखेलेला काही सुचलं नसावं. इतक्या दिवसांची सवय, तिनं चर्चमधलं गाणं सुरू केलं. डाविटचा हात आपसूक पुढं आला, कात्री घ्यायला.

मीटानं ती दिली नाही.

गाडी हळू झाली. खिडकीची काच खाली होती. थेरॉननं मीटाकडे बघितलं, तिच्या डाव्या हातातल्या कात्रीकडे बघितलं, मागं छाटून झालेल्या झाडांकडे बघितलं. सगळा हिवाळा ज्या क्षणाला आम्ही भीत आलो होतो, तो आला होता. त्यानं समाधानानं मान डोलावली, हात वर करून डाविटला सलाम केला, आणि गाडी पुढं काढली.